जुना डाग, नवी केस

भवानीनगरहून एक पत्र आलं. वहीचा फाडलेला कागद, दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात लिहिलेला.

"ताई, पेपरात तुमचं वाचते म्हणून लिहिते. आमच्या मालकांना बांधाच्या भांडणात तीनशे सातमध्ये सजा लागली होती. येरवड्यात भोगून आले, त्याला आता सहा वर्षं झाली. आल्यापासून कुणाच्या अध्यात ना मध्यात. सीझनला कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवतात, बाकी वेळ घरचं रान. गेल्या महिन्यात चारीवर पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्याशी बाचाबाची झाली, ढकलाढकली झाली. त्यानं जाऊन केस केली. आता सगळे म्हणतात, एकदा सजा लागलेल्या माणसाला दुसऱ्या वेळी साधी मारामारी असली तरी जेलच. पोरगी बारावीला आहे. खरं काय ते लिहा. नाव छापू नका."

खाली फोन नंबर होता. मी लावला. पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडे कागद कोणता आलाय?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "कागद मालकांच्या खिशात असतो. मी बघितला नाही."

मैत्रिणींनो, इथंच आपली गाडी अडते. घरातल्या माणसाला जेल होणार की नाही या काळजीनं आपण रात्र-रात्र जागतो, देव पाण्यात घालतो, पण तो कागद उघडून वाचत नाही. कायद्याची भाषा आपल्याला कळायची नाही, असं आधीच ठरवून बसतो. खरं तर त्या कागदावरचे दोन-चार आकडे कळले तरी निम्मी भीती जागच्या जागी उतरते. उरलेली निम्मी मात्र खरी असते. ती कुठली, हेही कळायला हवं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद वाचून दाखवला. दोन कागद होते. एक एनसीची नक्कल, त्यावर कलम ११५(२) आणि ३५२. दुसरी तहसील कचेरीतली नोटीस, कलम १२६ ची. "शांतता राखण्याचा बाँड का घेऊ नये" असं त्यात विचारलेलं.

आधी पहिला कागद पाहू. १ जुलै २०२४ पासून जुनं भारतीय दंड विधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली. त्या दिवसानंतर घडलेल्या गुन्ह्याला नवी कलमं लागतात, आधीच्या गुन्ह्याला जुनीच. पूर्वीचं ३२३, म्हणजे साधी दुखापत, ते आता ११५(२) झालं. पूर्वीचं ५०४, म्हणजे भांडण उकरून काढण्यासाठी केलेला अपमान, ते आता ३५२. पहिल्याला जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्याला जास्तीत जास्त दोन वर्षं किंवा दंड किंवा दोन्ही. दोन्ही गुन्हे अदखलपात्र, म्हणून एफआयआर नाही, एनसी. कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलिसांना यात तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटकही करता येत नाही. शिवाय दोन्ही जामीनपात्र आहेत. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा माणसाचा हक्क असतो. आधी सजा लागलेली असो वा नसो, हा हक्क कमी होत नाही.

आता मुख्य प्रश्न. जुन्या सजेमुळे या साध्या मारामारीची शिक्षा वाढेल का?

यासाठी कायद्यात एक खास कलम आहे. पूर्वी दंड विधानातलं ७५, आता न्याय संहितेतलं १३. आधी शिक्षा झालेल्या माणसानं पुन्हा गुन्हा केला तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद देता येते, असं ते सांगतं. ऐकताना अंगावर काटा येतो. गावात जे बोललं जातं ते बहुधा याच कलमाचं कानोकान आलेलं रूप. पण हे कलम सगळ्या गुन्ह्यांना लागत नाही. खोटी नाणी-नोटा-स्टॅम्प आणि चोरी, दरोडा, फसवणूक असे मालमत्तेचे गुन्हे, एवढ्यांनाच ते आहे. त्यातही जुना आणि नवा दोन्ही गुन्हे तीन वर्षं किंवा जास्त शिक्षेचे असावे लागतात. बांधावरच्या भांडणातलं तीनशे सात आणि चारीवरची ढकलाढकली यांचा या कलमाशी काही संबंध नाही.

तेव्हा या ताईंच्या मालकांना ११५(२) मध्ये दोषी धरलं तरी वरची मर्यादा एक वर्षच. जुनी सजा आहे म्हणून ती दोन किंवा पाच वर्षं होणार नाही. मात्र फरक काहीच पडत नाही असंही मी म्हणणार नाही. दोषी ठरल्यावर शिक्षा किती द्यायची हे ठरवताना न्यायाधीश माणसाची पार्श्वभूमी बघतात. पहिल्यांदाच चुकलेल्याला पाचशे-हजाराचा दंड करून सोडलं असतं, तिथं जुन्या सजेच्या माणसाला थोडे दिवस आत पाठवावं असं वाटू शकतं. छत तेवढंच राहतं, पण खाली मिळणारी सवलत कमी होते.

ज्यांच्या घरात चोरीचा जुना गुन्हा आहे त्यांचं गणित मात्र वेगळं. चोरीला न्याय संहितेत ३०३(२) हे कलम आहे. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची वस्तू असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्यानं वस्तू किंवा पैसे परत केले असतील, तर त्याला जेलऐवजी समाजसेवेची शिक्षा मिळते. ही नव्या कायद्यातली चांगली सोय. पण दुसऱ्यांदा दोषी ठरला तर त्याच कलमात किमान एक वर्ष सक्तमजुरी आणि पाच वर्षांपर्यंत कैद. विहिरीवरची केबल तीच, किंमत तीच. एकाला झाडू मारायला लावतील आणि दुसऱ्याला येरवड्याला धाडतील.

दारूचंही तसंच. महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यात आणि जुगारबंदीच्या कायद्यात पहिला गुन्हा, दुसरा गुन्हा अशी शिक्षेची चढती पायरी आहे. दारू पिऊन गाडी चालवली तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. आणि इथं आपल्या बायकांविषयी एक गोष्ट बोलायलाच हवी. हातभट्टीच्या केसमध्ये कितीतरी वेळा बाईच आरोपी असते. भट्टी कुणाचीही असो, धाड पडते तेव्हा कॅनजवळ सापडते ती. कोर्टात उभं राहायचं, "गुन्हा कबूल" म्हणायचं, दंड भरायचा आणि दुपारच्या एसटीनं घरी यायचं. तिला वाटतं, दंड भरला, सुटले. नाही गं बाई, सुटली नाहीस. गुन्हा कबूल करून भरलेला दंड म्हणजे दोषी ठरणं. पुढच्या वेळी सरकारी वकील तोच कागद पुढं करणार, "ही दुसरी खेप." म्हणून कबूल म्हणण्याआधी वकिलाला एकदा विचारावं. रोजंदारी बुडते, तारखा पडतात, वकिलाकडे जायला पैसे नसतात, हे सगळं मला माहीत आहे. तरीही विचारावं.

केस आणि सजा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही इथंच सांगते. "त्याच्यावर चार केसेस आहेत" असं आपण म्हणतो तेव्हा त्यातल्या दोन निर्दोष सुटलेल्या असतात, एक मिटवलेली असते, एक चालू असते. कायद्याच्या दृष्टीनं त्याला सजा एकही नाही. शिक्षा वाढवणारी कलमं सजेवर चालतात, केसच्या संख्येवर नाही. आणि शिक्षा वाढवायची असेल तर ती जुनी सजा कोर्टापुढं कागदानं सिद्ध करावी लागते. निकालाची नक्कल किंवा तुरुंगाचा दाखला हवा, शिवाय तो माणूस हाच हेही दाखवावं लागतं. "गावात सगळ्यांना माहीत आहे" हा कोर्टात पुरावा होत नाही.

यापेक्षाही मोठी गोष्ट पुराव्याच्या कायद्यात आहे. जुन्या कायद्यात ती होती, २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. आरोपीचं आधीचं वाईट वर्तन हा या गुन्ह्याचा पुरावा धरता येत नाही. आपण फार सज्जन आहोत असा पुरावा त्यानं स्वतः पुढं केला तर मात्र समोरच्याला ते खोडण्यासाठी जुनं काढता येतं. एरवी, तेव्हा मारलं म्हणून आत्ताही यानंच मारलं असेल, असं कोर्टाला म्हणता येत नाही. त्याच हिशोबानं, शिक्षा वाढवण्यासाठी जुन्या सजेचा आरोप ठेवलेला असला तरी आधी या गुन्ह्यात तो दोषी ठरल्याशिवाय जुन्या सजेची चौकशी होत नाही.

कोर्टात हे असं आहे. पारावर, दूध संस्थेच्या रांगेत आणि ठाण्याच्या ओट्यावर तसं नाही. तिथं जुना डाग हाच पहिला पुरावा. आपल्या भागाला याचा इतिहास मोठा आहे आणि तो सुखाचा नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जातीच्या जाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पारध्यांसारख्या जमातींना पुढं त्याच कायद्याची झळ बसली. १९५२ मध्ये तो देशभरातून रद्द झाला. पण मुंबई राज्यात १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि नजर जिथल्या तिथं राहिली. जून १९९८ मध्ये पिन्या हरी काळे या पारधी समाजातल्या माणसाचा बारामतीत पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्याच वर्षी बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर यांचाही कोठडीत मृत्यू झाला होता. महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड यांनी भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी देशपातळीवर जी चळवळ उभी केली, ती त्याच वर्षीची. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांतल्या जातिभेदाच्या नियमांवर निकाल दिला. विमुक्त जमातीतल्या माणसाला केवळ त्याच्या जमातीमुळे तुरुंगाच्या नियमांत सराईत गुन्हेगार धरता येणार नाही, हे त्यात आलं. म्हणजे १९५२ मध्ये जे पुसलं असं आपण समजत होतो, ते सत्तर वर्षांनी पुन्हा पुसायला लागलं.

आणि हे आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात 'तीन वेळा चुकलास की बाद' अशा धर्तीचा कायदा १९९४ मध्ये आला. लिआंड्रो आंद्रादे नावाच्या माणसानं १९९५ मध्ये दोन दुकानांतून नऊ व्हिडिओ कॅसेटी उचलल्या. सगळ्यांची मिळून किंमत दीडशे डॉलरच्या आसपास. पण घरफोडीच्या जुन्या सजा होत्या, म्हणून किमान पन्नास वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा झाली. २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती पाच विरुद्ध चार मतांनी कायम ठेवली. पुढं २०१२ मध्ये लोकांनीच मतदान करून तो कायदा सौम्य केला. आपल्याकडे साध्या मारामारीला असं काही नाही, हे त्या ताईंना मी फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "कॅसेटीसाठी पन्नास वर्षं? तिकडं पण आपल्यासारखंच की."

आता उरलेली निम्मी भीती. छोट्या गुन्ह्याच्या शिक्षेपेक्षा जुन्या सजेच्या माणसाला जेल लागते ती आडवाटेनं. त्या वाटा कुठल्या ते सांगते.

त्या ताईंच्या हातातला दुसरा कागद हीच एक आडवाट. आपल्याकडे तिला चॅप्टर केस म्हणतात. पूर्वीचं १०७, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १२६. ही शिक्षा नव्हे, गुन्ह्याची केसही नव्हे. तहसीलदार इथं कार्यकारी दंडाधिकारी म्हणून बसतात आणि "एक वर्षापर्यंत शांत राहीन" असा बाँड का घेऊ नये, एवढं विचारतात. सराईतांसाठीची चॅप्टर वेगळी, पूर्वीचं ११०, आता १२९. तिथं बाँड तीन वर्षांपर्यंतचा असू शकतो. गणपती, निवडणुका, यात्रा जवळ आल्या की जुन्या सजेच्या माणसाचं नाव या यादीत आपोआप वर येतं. भीती नोटिशीची नाही. भीती आहे ती नोटीस आली आणि माणूस गेलाच नाही याची. बाँड द्यायचा हुकूम झाला आणि जामीनदार मिळाला नाही, तर बाँड देईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत आत बसावं लागतं. आणि बाँड दिल्यावर त्या काळात पुन्हा भांडण झालं तर तो मोडला म्हणूनही आत जावं लागतं. ज्या मारामारीला कोर्टानं पाचशे रुपये दंड केला असता, तिच्यापायी माणूस महिनोन्‌महिने बसतो. म्हणून तारखेला जायचं. आपलं म्हणणं लेखी द्यायचं. सहा वर्षांत एकही तक्रार नाही, हे लिहायचं. ही चौकशी साधारण सहा महिन्यांत संपवावी लागते, हेही लक्षात ठेवायचं.

दुसरी वाट जुन्या सुटकेची. माणूस पूर्ण सजा भोगून सुटलाय की मध्येच? वरच्या कोर्टात अपील चालू आहे आणि तोवर जामिनावर बाहेर आहे, असं असेल तर नवी केस छोटी असली तरी सरकार त्या जामिनावर बोट ठेवू शकतं. सरकारनं अटी घालून लवकर सोडलं असेल आणि अट मोडली, तर उरलेली सजा भोगायला परत नेतात. चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सुटलेला असेल तर त्या जुन्या गुन्ह्याची शिक्षा आता सुनावली जाऊ शकते. मी हे विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, "नाही नाही, अपील वगैरे काही नाही, पूर्ण भोगून आले. सुटताना दिलेला कागद देवघरात आहे." जपून ठेवा म्हटलं. उद्या तोच उपयोगाला येणार.

तिसरी वाट अजामीनपात्र कलमाची. फिर्यादीनं भांडण वाढवून सांगितलं आणि कलम मोठं लागलं, तर जुनी सजा खरोखर आडवी येते. आधी मृत्युदंड, जन्मठेप किंवा सात वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला नव्या अजामीनपात्र, दखलपात्र गुन्ह्यात खालच्या कोर्टानं एरवी जामीन देऊ नये, असं कायदा सांगतो. तीनशे सात त्याच वर्गातलं. बाई असेल, लहान मूल असेल, आजारी किंवा अशक्त असेल, किंवा काही खास कारण असेल, तर तिथंही जामीन देता येतो. नुसती जुनी प्रकरणं आहेत एवढ्यावर जामीन नाकारता येत नाही, त्या केसमध्ये माणसाचा हात किती हेही बघावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये सांगितलेलं आहे. खटला लांबला तरी फरक पडतो. ज्याला आधी कधीच सजा नाही, तो गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला की सुटकेला पात्र होतो. जुनी सजा असलेल्याला निम्मा काळ काढावा लागतो. जन्मठेप, फाशीचे गुन्हे यात येत नाहीत आणि एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तर ही सवलत अडते.

तडीपारीचं नाव काढलं की सगळ्यांचा चेहरा पडतो, म्हणून तेही. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली काही ठराविक गुन्ह्यांत सजा झालेल्या माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर पाठवता येतं. पण आधी नोटीस द्यावी लागते, त्याचं ऐकून घ्यावं लागतं आणि हुकूम निघाला तर तीस दिवसांत सरकारकडे अपील करता येतं. सहा वर्षं शांत बसलेल्या माणसाला एका एनसीवरून तडीपार करायचं तर सरकारलाही बरंच लिहावं लागेल.

आता त्या ताईंना मी जे खरं सुचवलं ते. साधी दुखापत आणि अपमान, हे दोन्ही गुन्हे आपसात मिटवता येतात. ज्याला लागलं, ज्याचा अपमान झाला, तो आणि आरोपी यांच्यात तडजोड झाली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखंच होतं. नवा डाग लागत नाही. कायद्यात एक अट आहे. जुन्या सजेमुळे या गुन्ह्याची शिक्षाच वाढणार असेल, तर तडजोड चालत नाही. चोरीवर चोरी असली की ही अट पाय अडवते. यांच्या बाबतीत शिक्षा वाढत नाही, हे वर पाहिलंच, तेव्हा तडजोडीचं दार उघडं आहे. मात्र ती कोर्टात कागदावर व्हावी. चहा पिऊन, पाठीवर थाप मारून मिटवलेलं भांडण पुढच्या पाळीला परत उकरलं जातं.

आणि मिटलंच नाही, दोषी ठरलेच, तर १९५८ चा परिवीक्षा कायदा आहे. त्यात नुसती ताकीद देऊन सोडायची सवलत आधी सजा नसलेल्यालाच आहे. पण चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडायचं जे कलम ४ आहे, त्यात आधी सजा नसावी अशी अट लिहिलेली नाही. गुन्हा कसा घडला, माणूस कसा आहे, हे बघून कोर्ट ठरवतं आणि त्यासाठी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवता येतो. तो अधिकारी घरी येतो, घरच्यांशी बोलतो. सहा वर्षं ट्रॅक्टर कसा चालवला, पोरीची फी कशी भरली, हे त्याला सांगायचं कुणी? ज्या घरात पुरुष बोलायला लाजतो, तिथं हे बाईलाच सांगावं लागतं. वकिलानं हा अर्ज केलाच नाही, असं पुष्कळदा होतं. आपण विचारायचं, "साहेब, परिवीक्षेचा अर्ज देणार ना?" एवढं वाक्य पाठ करून जा.

वकिलाची फी ही अडचण असेल तर बाईला मोफत वकील मिळतो. तिचं उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही, कोठडीत असलेल्यालाही. इतर बहुतेक पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, तिथं साधा अर्ज करायचा. १५१०० या नंबरवर फोन केला तरी चालतो.

पोरीचं काय, हा प्रश्न त्यांनी शेवटी विचारला, पण खरा तोच होता. बारावीनंतर तिला नर्सिंगला जायचंय. बापाच्या सजेचा तिच्या दाखल्याशी संबंध नाही. चारित्र्य पडताळणी होते ती ज्याची त्याची. लग्नाच्या बैठकीत काय विचारतील, याला मात्र कुठलंच कलम नाही, आणि मी त्यांना खोटा धीर दिला नाही. मोठ्या माणसाची सजा आपल्याकडे कागदावरून पुसली जात नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या चुकीची नोंद ठराविक काळानंतर नष्ट करायची, अशी तरतूद बाल न्याय कायद्यात आहे, तिलाही जबर गुन्ह्यांत अपवाद आहेत. बापाला तेवढीही सोय नाही.

मागच्या आठवड्यात त्यांचा परत फोन आला. तहसीलला दोघं मिळून गेले होते. लेखी म्हणणं दिलं, बाँडसाठी जामीनदार म्हणून चुलत दीर उभा राहायला तयार झाला. तडजोडीचं विचारलं तर म्हणाल्या, "पुरुष माणसं बोलत नाहीत एकमेकांशी. पण शेजारीण गिरणीत भेटली. मी म्हटलं, पाळी परत येणार आहे गं, पाणी तेच आहे, चारी तीच आहे. ती काही बोलली नाही. पण डबा माझ्यामागंच लावला, पुढं सरकली नाही." कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, ते अजून कळलेलं नाही. तहसीलची पुढची तारीख बुधवारी आहे.